डोळे बाकी

दर एकतीस मार्चला मी माझं नापास होणं स्वतःच्या अक्षरात लिहून काढत असे, आणि त्याबद्दल मला वर पगारही मिळत असे. असा मान किती जणांच्या वाट्याला येतो ते मला ठाऊक नाही. माझ्याबरोबर सीएला बसलेली बाकीची मुलं-मुली नापास झाली की उशीत तोंड खुपसत, घरचे लोक देव पाण्यात घालून बसत. माझा देव मात्र कोरडा ठणठणीत होता. तो शाडूचा होता, पेणच्या एका कारखान्यातल्या फळीवर बसलेला होता, आणि मला तो स्टॉकमध्ये मोजावा लागायचा.

पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच. डोलवीला पोलादाचा भलामोठा कारखाना उभा राहत होता त्या काळातली ही गोष्ट, पण पेणकरांच्या लेखी ती ‘कंपनी’. मी राहायला अष्टमीला. रोज सकाळी पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडवर यायचं, नागोठण्यामार्गे जाणारी एसटी पकडायची आणि पेणला सरांच्या ऑफिसात जायचं. सर म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. सीए व्हायचं तर नुसती परीक्षा देऊन भागत नाही, आधी अशा एखाद्या सीएच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करावी लागते. तिला आर्टिकलशिप म्हणतात. मग फायनल, तिचे दोन ग्रुप, ते दोन्ही पार केले की नावापुढे ती दोन अक्षरं लागतात आणि लोकांच्या हिशेबावर सही करायचा परवाना मिळतो. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

सरांचं ऑफिस एका पापडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. सर बारीक, ताठ, शर्टाच्या खिशात कायम लाल पेन्सिल. त्यांचा एकच शब्द आवडता होता: पुरावा. ‘सर, बाहेर पाऊस लागलाय’ म्हटलं तरी ते आधी माझी छत्री बघायचे. पहिल्याच मार्चअखेरीला त्यांनी मला त्या कारखान्यात स्टॉक मोजायला धाडलं. म्हणाले, "किती माल तयार, किती अर्धवट, स्वतः बघून लिहून आण. मालक सांगतो म्हणून लिहायचं नाही."

मी गेले. आत शिरले आणि दारातच थबकले. जमिनीपासून पत्र्यापर्यंत फळ्या, आणि फळ्याफळ्यांवर पांढरे गणपती. काहींना पीतांबर रंगवून झालेला, काहींच्या सोंडेवर नक्षी, एक-दोघांचे मुकुट सोनेरी झालेले, पण डोळे एकालाही नाहीत. एवढे देव आणि एकही आपल्याकडे बघत नाही, हे मला फार चमत्कारिक वाटलं. मी पॅड सरसावलं आणि कारखान्याच्या मालकांना विचारलं, "काका, यातले तयार कुठले?"

"एकबी नाय," काका म्हणाले.

"हा तर रंगवून झालाय."

"डोळे हायत का? डोळे नाय तवर माती. आखणी झाली की देव."

डोळे काढण्याच्या कामाला तिथे आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी होते. त्या कारखान्यात आखणी फक्त काकी करायच्या. काकांची बायको, ठेंगणी, गोरी, पदर कमरेला खोचलेला आणि हातात तीनचार केसांचा म्हणावा इतका बारीक ब्रश. त्या आखणीला बसल्या की काका रेडिओ बंद करायचे. सकाळच्या उजेडात दारासमोर बसायचं, श्वास धरायचा, आणि एकदा ब्रश टेकला की भुवई पुरी होईपर्यंत सोडायचा नाही, अशी त्यांची रीत होती. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझाही श्वास धरला गेला आणि मला खोकला आला. काकी न हलता म्हणाल्या, "खोकायचं तं भायेर जा गो बाय."

तर मी स्टॉकच्या कागदावर सरसकट सगळ्यांपुढे लिहिलं: अर्धवट माल, डोळे बाकी. सरांनी ते वाचलं, लाल पेन्सिल काढली, परत खिशात ठेवली आणि हसले. सर हसले याचा माझ्याकडे काही पुरावा नाही, पण हसले.

पुढे दोन वर्षांनी माझी उमेदवारी संपत आली, फायनलचा फॉर्म भरला गेला, आणि काकांना ते कळलं. त्यांनी फळीवरून एक हातभर उंचीची मूर्ती उतरवली. लोडाला टेकून ऐसपैस बसलेला, पोट सुटलेला, एक पाय दुमडलेला गणपती. तो त्यांनी कोपऱ्यातल्या फळीवर एकटा ठेवला. "हा तुझा. पास झालीस की काकी आखणी करंल. पाट आणून ठेव."

आमच्याकडे गणपती कारखान्यातून असाच उचलून आणत नाहीत. आपला पाट आधी नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती बसवून ठेवतात, आणि चतुर्थीला त्या पाटासकट ती घरी येते. पाट दिला म्हणजे गणपती बोलावला. पंचाईत अशी की आमच्या घरी पाटच नव्हता. आमचा गणपती गावाला, बाबांच्या थोरल्या भावाकडे. भावाभावांत एकच गणपती, आणि तो थोरल्याच्या घरी. वेगळा आणायचा म्हणजे घर फुटल्यासारखं. शिवाय एकदा आणला की दरवर्षी आणावा लागतो, मध्येच बंद करता येत नाही. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ते धाटावला एका कंपनीत पॅकिंग खात्यात होते आणि शिफ्टवरून आले की बोलण्याची त्यांची शिफ्ट संपलेली असायची. म्हणाले, "आपला गणपती दादाकडे असतो." आणि आमटी वाढून घेतली.

मी म्हटलं, आधी पास तर होऊ. घोडामैदान जवळच होतं.

घोडं मैदानात पडलं. एक ग्रुप निघाला, दुसरा राहिला. मग दुसरा निघाला असता, पण एका पेपरात असे काही मार्क पडले की बाकीच्यांची बेरीजही त्याला वर काढू शकली नाही. त्याच्या पुढच्या वेळी मी इतका अभ्यास केला की एसटीत कंडक्टरने तिकीट विचारल्यावर मी त्याला घसारा सांगितला. तरीही नाहीच.

आणि गंमत बघा, या परीक्षेला वेळ कुणी ठरवून दिलीय देव जाणे. मे महिन्यात परीक्षा, निकाल जुलैत, म्हणजे भाद्रपदातल्या गणपतीच्या तोंडावर. नोव्हेंबरात परीक्षा, निकाल जानेवारीत, म्हणजे माघी गणपतीच्या तोंडावर. जुलैत नापास झाले की काका म्हणायचे, "माघी हाय की." जानेवारीत नापास झाले की म्हणायचे, "भादवा कुठं पळतोय?" मी वर्षातून दोनदा नापास व्हायचे आणि दोन्ही वेळा मुहूर्त तयार असायचा.

मूर्तीचेही हाल चालले होते. शाडू तो, हवा बदलली की तडकायचा. काका ओली माती घेऊन तडे बुजवायचे, त्यामुळे दर वर्षी तो जरा जाड व्हायचा. मीही अभ्यासाला बसून बसून जाड होत होते, त्यामुळे आम्ही एकमेकांना शोभत होतो. पीतांबराचा रंग तर दर मोसमाला बदलला. आधी पिवळा होता. मग जांभळ्याची फॅशन आली म्हणून जांभळा. मग कोणी डाळिंबी मागायला लागलं म्हणून डाळिंबी. काकांचं म्हणणं, पास होईल तेव्हा पोरीचा गणपती जुना दिसायला नको.

निकाल लागला की त्या गल्लीतली माणसं मला काही विचारत नसत. सरळ कारखान्यात डोकावत, कोपऱ्यातल्या फळीकडे बघत आणि आपल्या वाटेने जात. एकदा धरमतरहून मिठाच्या गोणी घेऊन आलेला टेंपोवाला, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, तोही आत मान घालून म्हणाला, "आजून आंधलाच काय?"

उमेदवारी संपल्यावर मी सरांकडेच पगारी असिस्टंट म्हणून राहिले, त्यामुळे मार्चअखेरीची ती मोजणी माझ्याकडेच राहिली. बाकीचा माल येत होता, जात होता. हा एकटा दर वर्षी. मी लिहायचे: शाडू, लोडाची बैठक, डोळे बाकी. सरांना ते खटकायला लागलं.

"हा विकायचा आहे का?" त्यांनी काकांना ऑफिसात बोलावून विचारलं.

"नाय."

"मग तो स्टॉक नाही. विकायचा असतो तो स्टॉक."

"माझ्या कारखान्यात हाय. मोजायचा," काका म्हणाले. "न मोजला तं त्याला वाटंल आपल्याला टाकला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. शेवटी सरांनी त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीने लिहिलं, ‘हळू चालणारा माल’. माल बिचारा जागच्या जागी बसलेला होता, हळू चालत होते ती मी.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका हिवाळ्यात मी कारखान्यात गेले तर आखणीला काकींची सून बसलेली. काकी बाजूला सुपारी कातरत होत्या, डोळ्यांवर हिरवा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्याचं. दुसऱ्याचं व्हायचं होतं. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. सुनेचा हात चांगला होता, पण काकी अडकित्ता थांबवून म्हणाल्या, "तुझा मीच करणार. बाकी सगले तिला दिले. पन आटप गो. मला आता नाकाची सोंड आनि सोंडेचं नाक दिसाया लागलंय."

त्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि स्टँडपर्यंत चालत येताना ते पुरतं मावळलं. आजवर मी फक्त स्वतःसाठी नापास होत होते. आता तसं राहिलं नव्हतं.

त्यातच बाबांनी सांगितलं, "यंदा शेवटचं. डोलवीला एका कॉन्ट्रॅक्टरला हिशेबाला माणूस हवाय. ने-आणीला बस आहे." ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते नेहमीसारखेच बोलले, म्हणून मी पुस्तक उघडलं. त्या मे महिन्यात मी परीक्षा दिली. शेवटचा पेपर देऊन आले आणि कारखान्यात जाऊन काकांना म्हटलं, "काका, या वेळी राहिलं तर याला दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. सुनेकडून डोळे काढून घ्या."

काका मूर्तीवरची धूळ फुंकत होते. म्हणाले, "ह्याला आता कोन घेल? तीन पीतांबर नेसलाय. नवरदेवाला बी येवढी हौस नसते."

निकाल मुंबईच्या ऑफिसात फळ्यावर लागायचा. सरांचे एक मित्र तिथे जाऊन नंबर बघत आणि फोन करत. जुलैतल्या त्या दुपारी फोन वाजला, सरांनी उचलला, मी समोर स्टेपलरला पिना भरत होते. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "परत वाच." मग म्हणाले, "नंबर उलटा वाच." मग म्हणाले, "शेजारी कोण उभा आहे? अनोळखी आहे ना? मग त्याला वाचायला सांग." त्या कुठल्या तरी अनोळखी मुलाने, जो बहुधा स्वतःच्याच निकालाने अर्धमेला झाला असेल, माझा नंबर मोठ्याने वाचून दाखवला. तो मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला. सरांनी फोन ठेवला, लाल पेन्सिल काढली आणि मला देऊन टाकली. मी ती घेतली आणि जिन्यावरून अशी धावत सुटले की खाली पापडवाल्याला वाटलं माडीवर आग लागली.

गल्लीत शिरले तेव्हा माझी एक चप्पल कुठे तरी राहिली होती. काका मला बघून समजले. त्यांनी फळीवरून मूर्ती उतरवली आणि छातीशी धरून गोल फिरले, एवढा वजनदार गणपती घेऊन, आणि रंगकाम करणारी सगळी माणसं हातातले ब्रश घेऊन उभी राहिली. मी काकींच्या पायाशी बसून म्हटलं, "काकी, करा." काकींनी दाराबाहेर बघितलं. "उजेड गेला. सकालच्याला ये. येवढी वर्सं थांबलाय, एक रात थांबंल."

घरी आले. आईने मला धरून ठेवलं, सोडेचना. शेजारणी आल्या, कुणी साखर भरवली, कुणी गूळ. बाबा शिफ्टवरून आले, ऐकलं, म्हणाले, "बरं झालं." मग बराच वेळ पाय धूत राहिले. मी म्हटलं, "बाबा, तो गणपती." ते म्हणाले, "दादाकडे असतो आपला," आणि सायकल काढून बाहेर पडले. जरा जाऊन येतो म्हणाले. मला राग आला, आणि मी तो आनंदाच्या भरातही नीट जपून ठेवला. ठरवलं, ऑफिसात बसवायचा. सर हो म्हणाले नाहीत तर त्यांना पुरावा मागायचा.

सकाळी पहिल्या एसटीने पेणला. सर कारखान्यात माझ्या आधी हजर, इस्त्रीचा शर्ट, आणि काकांशी वाद घालत होते: ऑडिटरच्या माणसाने क्लायंटकडून भेट घ्यायची नसते, तेव्हा मूर्तीचं रीतसर बिल पाहिजे. काका म्हणत होते देवाचं बिल नसतं. शेवटी सुनेने बिलबुक आणून सरांच्या हातात ठेवलं तेव्हा वाद मिटला.

काकी दारासमोर बसल्या. हिरवा चष्मा काढला. मला म्हणाल्या, "त्याच्या म्होरं बस. डोले उघडतील तवा तू दिसाया पायजेस." मी मांडी घालून बसले. रेडिओ बंद झाला. काकींनी एक हात दुसऱ्या हाताखाली टेकवला आणि श्वास धरला. उजवी भुवई, पापणी, बुबुळ. मग डावी बाजू. मी खोकले नाही. काकींनी ब्रश पाण्यात टाकला आणि विचारलं, "कसा बघतोय गो? खरं सांग. मला नीट दिसत नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर तर जास्तच. इतकी वर्षं मी हेच शिकले होते, की तपासायचं आणि जे दिसलं ते खरं सांगायचं, समोरच्याला आवडो न आवडो. सीए झाल्यावर माझं पहिलं मत मागितलं जात होतं, आणि ते या बाईने मागितलं होतं. थाप मारायला माझी जीभ वळली होती. सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत आली.

"उजवा माझ्याकडे बघतोय," मी म्हटलं. "डावा जरासा सरकलाय काकी. तो दाराकडे बघतोय."

"दाराकडं? कोन हाय दारात?"

मी वळून पाहिलं. दारात बाबा उभे होते. पहिल्या शिफ्टला कंपनीत असायला हवे होते ते. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. आत यावं की नाही असे उभे होते, कुणी ओळख करून दिल्याशिवाय ते कुठेच आत जात नसत.

"काल दादाकडे जाऊन आलो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हणाला, पोरीचा आणा. आमचा आहेच."

त्यांनी चादर सोडली. पाट होता. काकांनी तो हातात घेऊन सवयीने उलटा केला, बोट फिरवलं. "हा आताचा नाय. पालिस पार उडालंय. कवा केलात?"

बाबा फळीवरच्या दुसऱ्याच एका गणपतीकडे बघायला लागले. "तिची पहिली परीक्षा होती तेव्हा. कंपनीत पॅकिंगचं लाकूड पडलं होतं, विचारून आणलं."

"मग इतकी वर्षं होता कुठे?" मी विचारलं.

"माळ्यावर."

मला रडूही आलं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम करताना जे काही दिसतं ते दिसायला नको म्हणून मी सरांच्या लाल पेन्सिलीला टोक काढायला लागले. काकींनी ओलं फडकं घेतलं. "डावा पुसते. परत काढते. खोट ठेवायची नाय."

"राहू द्या," बाबा म्हणाले. "मला तर सरळच दिसतोय."

आणि जिथून तो तसा दिसत होता, तिथून ते काही केल्या हलेनात.